नातवाचा टॅरँटुला, सांभाळणार कोण?



या सदराकडे येणारी पत्रे बहुधा गुडघेदुखी, झोप, विसरभोळेपणा आणि पथ्यपाणी यांविषयी असतात. या पंधरवड्यात मात्र एका आजींचे पत्र आले. ते प्रथम वाचताना हसू आले आणि दुसऱ्यांदा वाचताना गंभीर व्हावे लागले. आजी साताऱ्याच्या. त्यांची कन्या व जावई इंग्लंडमध्ये राहतात, दोघेही नोकरीला. आजी-आजोबा येत्या महिन्यात सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडे जाणार आहेत. बारा वर्षांच्या नातवाने वाढदिवसाची भेट म्हणून टॅरँटुला, म्हणजे तळहाताएवढा केसाळ कोळी, मागितला आहे. वडिलांची हरकत नाही. आई म्हणते, दिवसभर घरी आजी असणार, तिला चालत असेल तर आणू.

आजी लिहितात, "आयुष्यभर मी घरातली कोळिष्टके झाडली, आता कोळ्याला पाणी ठेवायचे का? नातू फोनवर म्हणतो, 'आजी, तू हो म्हटलेस की आई हो म्हणेल.' नाही म्हणावे तर लेकराचे मन मोडते, हो म्हणावे तर माझाच जीव धसकतो. यजमानांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे. एवढ्या लहान मुलांना असा विषारी प्राणी पाळू द्यावा का?"

प्रश्न दूरदेशीचा वाटला, तरी त्याचे मूळ आपल्या घरोघरी आहे. हौसेने आणलेली माशांची पेटी असो वा पोपटांचा पिंजरा, पहिला महिना मुले सांभाळतात आणि पुढची वर्षे आजी-आजोबा. म्हणून 'मुलाला पाळू द्यावा का' या प्रश्नाच्या जोडीने 'घरात तो प्रत्यक्ष कोणाच्या गळ्यात पडणार' हाही प्रश्न विचारला पाहिजे. आजींना उत्तर देताना मी या दोन्ही प्रश्नांचा विचार करणार आहे.

भय किती, विष किती

प्रथम भीतीचे माप घेऊ. टॅरँटुला हे एकाच कोळ्याचे नाव नव्हे. थेराफोसिडी या कुलातील सुमारे हजार जातींना व्यवहारात हे नाव दिले जाते. मूळ नाव इटलीतील तारांतो या शहरावरून आले. तेथील एका निराळ्याच कोळ्याचा दंश झाला, तर रुग्णाने बेभान नाचले तरच तो बरा होतो, अशी जुन्या काळी लोकांची समजूत होती. पुढे अमेरिका खंडात गेलेल्या युरोपीयांना मोठे केसाळ कोळी दिसले आणि त्यांनी तेच नाव त्यांना दिले. नावाबरोबर भीतीही उसनी आली.

या सर्व कोळ्यांच्या अंगी विष असते, हे खरे. किंबहुना आपल्या भिंतीवर फिरणाऱ्या बहुतेक कोळ्यांच्याही अंगी ते असते. भक्ष्य लुळे पाडण्यासाठी निसर्गाने दिलेले ते साधन आहे. परंतु टॅरँटुलाच्या दंशाने माणूस दगावल्याची खात्रीलायक वैद्यकीय नोंद नाही. मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा कोळी आणि चिलीचा गुलाबी कोळी या घरी पाळल्या जाणाऱ्या परिचित जाती. त्यांचा दंश बहुधा गांधीलमाशीच्या दंशासारखा असतो: दुखतो, सुजतो आणि ओसरतो. ज्यांना कीटकदंशाची तीव्र ॲलर्जी आहे, त्यांनी मात्र येथेही गाफील राहू नये.

आशिया व आफ्रिका खंडांतील टॅरँटुलांची गोष्ट वेगळी आहे. ते अधिक चपळ, अधिक चिडखोर आणि त्यांचे विष अधिक तीव्र. भारत व श्रीलंका येथे झाडांच्या ढोलीत राहणारे पीसिलोथेरिया प्रजातीचे देखणे कोळी युरोपात अनेक शौकीन पाळतात. त्यांच्या दंशानंतर स्नायूंत वेदनादायक पेटके येतात आणि काही रुग्णांत ते कित्येक दिवस पुन्हा पुन्हा उद्भवतात, अशा नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत. या दंशांवर प्रतिविष उपलब्ध नाही. लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. ऑस्ट्रेलियात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेथील टॅरँटुलांचा दंश झालेल्या माणसांना फारसा अपाय झाला नव्हता, परंतु दंश झालेले सातही कुत्रे मेले होते. तेव्हा 'टॅरँटुला विषारी आहे का' या प्रश्नाला एकच उत्तर नाही; कोणत्या जातीचा आणि घरात कोण कोण राहते, हे आधी पाहावे लागते.

खरी काळजी डोळ्यांची

आजींनी आजोबांच्या मोतीबिंदूचा उल्लेख ओघात केला आहे. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिका खंडातील पुष्कळ टॅरँटुला चावण्यापेक्षा निराळे शस्त्र आधी वापरतात. त्यांच्या पोटावर अतिसूक्ष्म, काटेरी केस असतात. धोका वाटताच कोळी मागच्या पायांनी हे केस झटकून हवेत उडवतो. ते त्वचेवर पडले तर खाज सुटते व पुरळ उठते, श्वासाबरोबर नाकात गेले तर शिंका व खोकला येतो, आणि डोळ्यात गेले तर प्रसंग गंभीर होतो.

इंग्लंडमधील लीड्स शहरातील एका २९ वर्षांच्या तरुणाची हकीकत 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१०च्या आरंभी प्रसिद्ध झाली होती. त्याचा एक डोळा तीन आठवडे लाल होता, पाणी गळत होते आणि उजेड सहन होत नव्हता. डोळे आले असावेत असे समजून दिलेल्या औषधांनी गुण आला नाही. शक्तिशाली भिंगातून पाहिल्यावर डॉक्टरांना त्याच्या पारपटलात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, केसांसारखे सूक्ष्म तंतू रुतलेले आढळले. तेव्हा त्याला आठवले की आपण चिलीच्या टॅरँटुलाची काचपेटी साफ करत होतो आणि कोळ्याने केसांचा फवारा तोंडावर उडवला होता. केस इतके बारीक होते की सूक्ष्म चिमट्यानेही काढता येईनात. पुढे दीर्घकाळ थेंबांचे औषध घालावे लागले.

वाचकहो, या हकिकतीतला एक धडा आपल्या उपयोगाचा आहे. तो तरुण कोळ्याशी खेळत नव्हता. तो पेटी स्वच्छ करत होता. आणि पेटी स्वच्छ करण्याचे काम मुलांच्या घरात शेवटी कोणाकडे येते, हे मी आजींना सांगण्याची गरज नाही. हे केस पेटीतल्या मातीत आणि कोळ्याने टाकलेल्या कातेवरही असतात. म्हणजे कोळी शांत बसलेला असला, तरी पेटीतली माती उपसणाऱ्याला जपावेच लागते. ज्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, ज्यांना काचबिंदू वा दमा आहे, ज्यांची दृष्टी मंद झाली आहे किंवा हात थरथरतात, त्यांनी हे काम मुळीच करू नये.

कायद्याच्या फटीतून निसटलेला प्राणी

मुलांनी प्राणी पाळावा की नाही, याबाबत ब्रिटनचा कायदा एरवी जागरूक आहे. तेथील १९७६च्या धोकादायक वन्यप्राण्यांविषयीच्या कायद्यानुसार यादीतील प्राणी ठेवण्यास परवाना लागतो आणि तो अठरा वर्षांखालील व्यक्तीला मिळत नाही. या यादीत ब्लॅक विडोसारखे काही कोळी आहेत, टॅरँटुला नाहीत. इंग्लंड व वेल्समध्ये लागू असलेल्या २००६च्या प्राणीकल्याण कायद्याने सोळा वर्षांखालील मुलांना प्राणी विकण्यास मनाई केली आहे. परंतु तेथे 'प्राणी' याचा अर्थ पाठीचा कणा असलेला प्राणी असा आहे. कोळ्याला कणा नाही. परिणाम असा की आजींच्या नातवाला दुकानदार गोल्डफिश विकू शकत नाही, टॅरँटुला विकला तर मात्र या कलमाचा भंग होत नाही.

याच कायद्यात आणखी एक विचार आहे. सोळा वर्षांखालील मुलाकडे प्राणी असेल, तर मुलाचा प्रत्यक्ष सांभाळ ज्याच्याकडे आहे, त्या मोठ्या व्यक्तीवरही त्या प्राण्याची जबाबदारी येते. कोळी या कायद्याबाहेर राहिला, तरी तत्त्व त्याला लावायला काय हरकत आहे? मुलाचा छंद हा मोठ्यांच्या जबाबदारीवरच उभा असतो, एवढेच ते सांगते.

पुण्या-मुंबईच्या वाचकांनी हा प्रश्न परदेशापुरता समजू नये. २०२१ साली चेन्नई विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेले एक टपाल उघडले, तेव्हा त्यात छोट्या कुप्यांत भरलेले शंभराहून अधिक जिवंत कोळी निघाले. मेक्सिकोचे लाल गुडघ्यांचे कोळी ज्या प्रजातीत येतात, ती तसेच आपल्याकडील पीसिलोथेरिया प्रजाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइटीस' कराराच्या यादीत आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही २०२२ साली दुरुस्ती झाली आणि अशा यादीतील जिवंत विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन आले. आंध्र प्रदेशातील मोजक्या वनांत आढळणारा निळा टॅरँटुला जगभरच्या शौकिनांना हवा असतो आणि तो आज अतिसंकटग्रस्त मानला जातो. तेव्हा कोणी नातवंडाला 'ओळखीतून' कोळी आणून देऊ म्हणाले, किंवा सह्याद्रीत भटकताना मोठा कोळी दिसला म्हणून बरणीत घालून घरी आणू लागले, तर आपण स्पष्ट नकार द्यावा.

वीस वर्षांचा पाहुणा

दंशाची चर्चा सगळे करतात; आयुर्मानाची कोणी करत नाही. लाल गुडघ्यांच्या कोळ्याची मादी नीट सांभाळली तर वीस वर्षांहून अधिक जगते. बारा वर्षांचा मुलगा अठराव्या वर्षी शिक्षणासाठी घर सोडेल, तेव्हा ती ऐन तारुण्यात असेल. नर मात्र थोडी वर्षेच जगतो. म्हणजे दुसऱ्या बाजूला लवकर येणारा वियोगही आहे. आणून हौस फिटल्यावर असा प्राणी बागेत सोडून देता येत नाही. परक्या हवामानात ते त्याला मरणाला सोडून देणेच ठरते.

शिवाय हा प्राणी कुरवाळण्याचा नाही. दिसायला दणकट असला, तरी त्याचे पोट इतके नाजूक असते की हातातून थोड्या उंचीवरून पडला तरी फुटून तो मरू शकतो. कात टाकताना तो उताणा पडतो. ते पाहून तो मेला असे समजून कोणी हलवले, तर त्याला प्राणघातक इजा होऊ शकते. त्या काळात त्याला खाऊ घालायचे नसते. पेटीत सोडलेला जिवंत रातकिडाच त्याला जखमी करू शकतो. म्हणजे येथे मुलाला जेवढे जपायचे, तेवढेच मुलापासून त्या जिवालाही जपायचे आहे.

माझे मत

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडतो. कुत्र्याच्या चाव्याने दरवर्षी जितकी मुले जखमी होतात, त्याच्या पासंगालाही टॅरँटुलाचे दंश पुरत नाहीत. तरी कुत्रा हवा म्हणणाऱ्या मुलाला आपण धोकादायक समजत नाही. टॅरँटुला आवाज करत नाही, त्याला फिरवायला न्यावे लागत नाही, प्रौढ कोळ्याला आठवड्यातून एखादे वेळी खाणे पुरते. दिवसेंदिवस हालचाल न करणाऱ्या जिवाकडे पाहत राहणे, त्याच्या वेळेने चालणे आणि हात आवरणे, हे शिकणाऱ्या मुलाला संयमाची शाळाच लाभते. ज्याला सारे किळसवाणे म्हणतात, त्याच्याविषयी एका मुलाला माया वाटते, यात वाईट काहीच नाही.

म्हणून सरसकट बंदी मला पटत नाही आणि सरसकट होकारही पटत नाही. अठरा वर्षांखालील मुलाने टॅरँटुलाचा एकट्याने मालक असू नये; ज्याने स्वतःहून ही जबाबदारी पत्करली आहे, अशा मोठ्या माणसाच्या सोबतीने त्याचा पालनकर्ता असावे. आशिया व आफ्रिका खंडांतील तीव्र विषाच्या जाती अल्पवयीनांच्या घरी नकोतच. आणि जेथे तान्हे मूल आहे, दम्याचा वा डोळ्यांचा रुग्ण आहे, किंवा सांभाळ अशा वृद्धाकडे येणार आहे ज्याला तो नको आहे, तेथे 'आत्ता नाही' हेच उत्तर योग्य.

आजी, आपल्याला उत्तर

आजी, आपल्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट कोळी नाही. निर्णय आपल्यावर सोपवला गेला, ही आहे. आपण सहा महिन्यांच्या पाहुण्या. कोळी वीस वर्षांचा. होकार वा नकार देण्याचे काम आई-वडिलांचे आहे. आपण फक्त स्वतःपुरते बोलावे, पण स्पष्ट बोलावे: "मी नातवाला सांभाळीन, कोळ्याला नाही." हे सांगण्यात निष्ठुरपणा नाही. ज्या घरात वृद्धांना आपली मर्यादा मोकळेपणाने सांगता येते, त्या घरात अपघात कमी होतात.

माझी सूचना अशी की आपला मुक्काम संपेपर्यंत कोळी आणणे पुढे ढकलावे. आजोबांच्या डोळ्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे. तोवर नातवाने त्या प्राण्याविषयी वाचावे, खर्चाचा व देखभालीचा आराखडा वहीत लिहावा. सहा महिन्यांनंतरही त्याची इच्छा टिकली, तर ती नुसती हौस नव्हती असे आई-वडिलांना कळेल.

तरीही तो आणायचे ठरलेच, तर पुढील गोष्टी आधी लिहून भिंतीवर लावाव्यात. पेटीला घट्ट बसणारे, कुलूप लागणारे झाकण असावे आणि किल्ली आई वा वडिलांकडे असावी. पेटी मुलाच्या झोपण्याच्या खोलीत वा स्वयंपाकघरात नसावी. कोळ्याला हातावर घ्यायचे नाही, मित्रांना दाखवण्यासाठीसुद्धा नाही. सफाई आई किंवा वडिलांनीच करावी; हातमोजे व डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालूनच, आणि नंतर साबणाने हात धुऊन. कोळ्याचे शास्त्रीय नाव पेटीवर चिकटवलेले असावे, म्हणजे प्रसंगी डॉक्टरांना सांगता येईल. आई-वडील बाहेरगावी गेले, तर कोळी कोणाकडे जाईल हे ठरलेले असावे. आणि ते नाव आजी-आजोबांचे नसावे.

प्रसंग ओढवला तर

कोळी चावला तर जागा साबण-पाण्याने धुवावी, अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाने शेकावे. जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. आपण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर वेदनाशामक मनाने घेऊ नये. श्वास लागणे, ओठ वा चेहरा सुजणे, घेरी येणे, छातीत दुखणे किंवा अंगात पेटके येणे यांपैकी काहीही दिसले, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. ब्रिटनमध्ये तातडीच्या मदतीसाठी ९९९ आणि इतर वैद्यकीय सल्ल्यासाठी १११ हे क्रमांक आहेत. ते मोठ्या अक्षरांत दूरध्वनीजवळ लिहून ठेवावेत.

त्वचेवर केस पडले तर चोळू नये. चिकटपट्टी हलकेच लावून ओढून काढावी, मग त्वचा धुवावी. डोळ्यात गेल्याची नुसती शंका आली, तरी डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावा. घरात टॅरँटुला आहे, हे आपण होऊन सांगावे. नाहीतर लीड्सच्या तरुणाप्रमाणे आठवडे वाया जातात.

शेवटी एक विनंती. नातवाला नकार कळवताना 'ई, किती घाण!' असे म्हणू नये. आपल्या भीतीचे ओझे मुलांच्या खांद्यावर ठेवण्याचे कारण नाही. उलट त्याला विचारा, तुला त्यात काय आवडते? तो तासभर बोलेल. तिकडे गेल्यावर दोघे मिळून बागेतल्या कुंपणावरचे जाळे सकाळच्या दवात पाहा. भिंग विकत घ्या. कोळी जाळे कसे विणतो, ते त्याला आपल्या क्रोशाच्या सुईबरोबर समजावून घेऊ द्या. प्राणी पुढच्या वर्षीही मिळेल, पण आजीबरोबरचे हे सहा महिने त्याला पुन्हा मिळतीलच असे नाही.

प्रवासाला शुभेच्छा. आजोबांचे थेंब हाताशी येतील अशा पिशवीत ठेवा.